केदारसुतांचा घोडा

गुंडेराव मालगे मोडी कागद वाचायचे ते उलटा धरून. सरळ धरला तर अडखळत, डोळे बारीक करत वाचत. उलटा धरला की मात्र उतारावरची बैलगाडी सुटावी तसे सुटत. पाहणाऱ्याला वाटायचं, या गृहस्थाला अक्षरओळखच नाही.

त्याचं कारण साधं होतं. त्यांचे वडील खटकचिंचोळीच्या पटवाऱ्याचं दप्तर डोक्यावरून गावोगाव वाहायचे. पटवारी ओसरीवर बसून लिहायचा आणि गुंडेराव खाली अंगणात, त्याच्या अगदी समोर, वडिलांची वाट बघत बसायचे. ओसरीवर चढायची त्यांना परवानगी नव्हती, पण बघायला कुणी मनाई केली नव्हती. चार वर्षं त्यांनी समोरून लेखणी फिरताना पाहिली. समोरून म्हणजे उलटीच. मग मोडी त्यांच्या डोक्यात तशीच बसली आणि तशीच राहिली.

पुढे ते निजामाच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि भालकीच्या कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत रोजंदारीवर लागले. छप्पन्न सालच्या शेवटी दोन महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. आधी घरादारानं बुद्धधम्म घेतला आणि मग जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पहिल्या गोष्टीनं गुंडेरावांची मान ताठ झाली. दुसऱ्या गोष्टीनं कचेरीची भाषा कानडी झाली आणि त्यांची उर्दू न् मोडी एका दिवसात म्हातारी झाली. एकतिसाव्या वर्षी त्यांनी कानडी मुळाक्षरं गिरवायला घेतली, तीही पहिलीतल्या लेकीच्या, शोभाच्या पाटीवर. बाप-लेक एका पाटीवर आळीपाळीनं लिहीत. शोभा लवकर पुढं गेली. "अप्पा, तुमचा 'ळ' लोळायलाय," असं ती बापाला म्हणायची, आणि बाप मुकाट्यानं 'ळ' पुसून पुन्हा काढायचा.

कानडी आली, पण नोकरी कायम झाली नाही. कचेरीत 'टेंपररी' म्हणून ते चिकटले ते चिकटलेच. त्यांच्यामागून आलेले कायम झाले, कायम होऊन बदलून गेले. गुंडेराव आपले रोज सकाळी हजेरीच्या कागदावर नाव आहे का ते बघायचे आणि असलं तर बसायचे.

सदुसष्ट साली मात्र त्यांची पाळी आली, ती एका कवीमुळे.

खटकचिंचोळीत सव्वाशे वर्षांपूर्वी केदारसुत नावाचे कवी होऊन गेले. बिदरपासून उदगीर-लातूरपर्यंत ज्या घरात आरती होते त्या घरात त्यांचं नाव घेतलं जायचं. त्यांनी जमवलेल्या पोथ्या त्यांच्या पाचव्या पिढीतले वंशज पांडुरंगराव, निवृत्त शिक्षक, यांच्या माडीवर होत्या. एकतीस रुमाल. रुमाल म्हणजे लाल खारव्याचं फडकं, एकेकात सहा-सात पोथ्या गुंडाळलेल्या. सरकारचं पत्र आलं की, या संग्रहाची रीतसर सूची करावी. घराण्यात कवीच्या स्वतःच्या हातची जुनी यादी आहे, तिच्याशी सूची जुळली तर संग्रह गावातच राहील, त्याचं वाचनालय होईल आणि सूची करणारा त्याचा ग्रंथपाल म्हणून कायम होईल. न जुळल्यास संग्रह अपुरा आणि असुरक्षित समजून बेंगळूरला हलवण्यात येईल.

अख्ख्या तालुक्यात मोडी, बाळबोध, उर्दू आणि कानडी चारही वाचणारा माणूस एकच निघाला.

पहिल्या दिवशी गुंडेराव माडीवर चढले तेव्हा पांडुरंगरावांच्या पत्नी मालतीबाई सूप घेऊन दारात येऊन बसल्या. तांदूळ निवडायचे होते असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भेंडी होती. तिसऱ्या दिवशी निवडायला काही नव्हतं, तर त्यांनी कालचेच तांदूळ परत आणले. गुंडेरावांना सगळं कळत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

चहाचंही तसंच होतं. त्यांचा काचेचा ग्लास जिन्याच्या कोनाड्यात वेगळा असे. महिनाभर असं चाललं. मग एका दुपारी पांडुरंगराव एका पोथीच्या कडेची बारीक अक्षरं लावण्यात एवढे गढले की, त्यांनी हात लांब केला, हाताला लागला तो ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. तो गुंडेरावांचा होता, अर्धा प्यालेला. मालतीबाईंनी दारातून बघितलं. गुंडेरावांनी बघितलं. पांडुरंगरावांनी फक्त मिशी पुसली आणि म्हणाले, "साखर जास्ती पडलीय आज." दुसऱ्या दिवशी तीन ग्लास एका ताटलीत आले आणि त्यातला कुठला कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही.

गुंडेरावांची कामाची पद्धत ठरलेली. रुमाल अंगणात नेऊन सोडायचा, आतली सापाची कात, वेखंडाचे तुकडे, वाळका निंबपाला झटकायचा, पोथी पालथी घालून पानं मोजायची, सुलटी करून पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत टाकायचे. वहीत आठ रकाने होते. अनुक्रम, नाव, लेखक, भाषा, लिपी, पाने, स्थिती आणि शेरा. त्यातला शेऱ्याचा रकाना त्यांच्या आवडीचा होता, कारण केदारसुतांना पोथ्यांच्या कडेला लिहायची खोड होती.

"गुरुजी, हितं बघा काय लिहिलंय," गुंडेराव पोथी उलटी करून वाचत. "'ही पोथी मंठाळकरांनी नेली ती पावसाळ्यापूर्वी आणावी.' आनि खाली, दुसऱ्या शाईनं, 'आणली. तेलकट केली.'"

पांडुरंगराव लहानपणापासून पूर्वजाच्या तसबिरीला हार घालत आले होते. तसबिरीतला माणूस असा कुरकुरा निघेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "आणखी बघा हो," ते मांडी सरसावून म्हणत. "आणखी कुणावर चिडलेत?" आणि दोघं पुढची पोथी सोडत.

अशा रीतीनं सहा महिन्यांत एकतीस रुमाल संपले. कवीच्या यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'एकूण नग दोनशे चौदा'. गुंडेरावांच्या वहीत दोनशे तेरा आले. यादीतली सत्त्याऐंशीवी नोंद काही केल्या सापडत नव्हती. ती नोंद अशी होती: 'घोडा १, जीर्ण.'

तपासणीला जिल्ह्याहून जगदेवप्पा साहेब आले ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. उंच माणूस, पांढरा बुशशर्ट, बोलणं कानडी वळणाचं मराठी. ते माडीवर आले तेव्हा गुंडेराव यादी हातात धरून उभे होते. अर्थात उलटी.

साहेबांनी यादीकडे बघितलं, गुंडेरावांकडे बघितलं, मग हळूच पांडुरंगरावांना म्हणाले, "ह्येंना वाचाया येतंय ना?"

"येतं की," पांडुरंगराव म्हणाले.

"कागूद उल्टा पकडलेत."

"ते उलटंच वाचतात."

साहेबांनी एक खोल श्वास घेतला. "मालगे, वाचा बघू. कुठनंबी."

गुंडेरावांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या नोंदीपासून जे निघाले ते चाळिसाव्या नोंदीपर्यंत थांबले नाहीत. साहेब त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, मान वाकडी केली, मग कंबरेत वाकून डोकं जवळजवळ जमिनीकडे नेलं. "बस, बस," ते शेवटी म्हणाले, "मला चक्कर यायलीय."

तिथवर ठीक होतं. पण बेरजेशी येऊन साहेबांचं बोट थांबलं. "दोनशे चौदा. तुमचे दोनशे तेरा. घोडा कुठं गेला?"

"सापडला न्हाई, सायब."

"घोडा म्हंजे अश्वशास्त्र. घोड्याचे रोग, घोड्याची लक्षणं, त्याची पोथी. असल्या पोथ्यांना बाहेर लई किंमत देत्यात." साहेबांनी चष्मा काढला. "मालगे, खरं सांगा. ह्या खोलीत तुमच्याशिवाय कोण येत होतं?"

गुंडेराव काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"मी येत होते," मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "पहिला महिनाभर रोज इथं दारात बसून होते. यांच्यावर नजर ठेवायला. खोटं कशाला बोलू? तांदूळ निवडायचं निमित्त करून बसायची. एक कागद इकडचा तिकडे गेला नाही. नंतर कंटाळा आला म्हणून बसायचं सोडलं, माणूस बघण्यासारखं काही करतच नाही."

पांडुरंगराव बायकोकडे बघतच राहिले. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. "ठीक," ते म्हणाले. "आठ दिवस देतो. दोनशे चौदा नग दाखवा. न्हाई तर मला वर तसंच लिवावं लागंल." वर तसंच म्हणजे कसं, ते सांगायची गरज नव्हती. पोथ्या बेंगळूरला आणि गुंडेराव परत हजेरीच्या कागदापाशी.

बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली, पण गावानं तिचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला. केदारसुतांचा घोडा हरवलाय आणि सरकारला घोडा पाहिजे. दुसऱ्या दिवशी राजूबाईनं देवघरातला खंडोबाचा पितळी घोडा चिंचेनं घासून आणला. "घ्या, ह्यो लावा. मात्र चंपाषष्ठीला परत द्या." कुणी बैलपोळ्याचा मातीचा बैल आणून दिला आणि शिंगं काढली की घोडाच हाय म्हणाला. हॉटेलवाल्या बाबूलालनं तर केदारसुतांचा घोडा पांढरा होता आणि त्याला कानडीत हाक मारली तरच तो चालायचा, अशी साद्यंत हकीकत सुरू केली. गुंडेराव सगळ्यांना हात जोडत होते आणि रात्री जेवत नव्हते.

पाचव्या दिवशी पांडुरंगरावांनी माडीचं दार लावून घेतलं. त्यांच्या हातात बारा क्रमांकाची पोथी होती. जाडजूड, निरनिराळ्या विषयांची.

"गुंडेराव, ह्यात बघा. एक्केचाळीस ते बावन्न पानं घोड्यांवरच आहेत." त्यांनी ती पानं अलगद बाजूला काढली. "ही वेगळी बांधली तर? एक नग वाढतो. बेरीज जुळते. पोथ्या घरात राहतात, तुम्ही कायम होता. कुणाचं नुकसान होतंय यात?"

गुंडेरावांनी ती बारा पानं हातात घेतली. सुतळी जवळच होती. त्यांनी ती पानांभोवती गुंडाळली, एक गाठ मारली. मग वही उघडली आणि लेखणी सत्त्याऐंशीच्या ओळीवर धरली. नाव लिहिता आलं असतं. भाषा, लिपी, पाने, सगळं लिहिता आलं असतं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, तिथं लेखणी अडली.

"गुरुजी," ते लेखणी खाली ठेवत म्हणाले, "पानांवर आकडे हायेत. एक्केचाळीस, बेचाळीस. पहिलं पान कुठं हाय म्हणून कुणी इचारलं, तर आकडेच सांगत्याल. आनि ह्या कवीनं तेलकट झालेलं पानसुद्धा लपविलं न्हाई." त्यांनी गाठ सोडली. "मी रोजंदारीवर जातो. मला सवय हाय."

पांडुरंगरावांनी पानं पुन्हा जागच्या जागी लावली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ती लावताना त्यांनी आकडे दोनदा तपासले.

सातव्या दिवशी सकाळी गुंडेराव घरी बसून होते. जायला काही काम राहिलं नव्हतं. बायकोनं, चांगुणाबाईनं, शेवयांचं पीठ मळलं होतं आणि शेजारची गंगव्वा मदतीला आली होती. आतून चांगुणाबाई ओरडली, "ओ शोभाचे अप्पा, बसलाव कामून नुसतं? ती घोडी आना की हिकडं!"

गुंडेराव उठले, भिंतीला टेकवलेली लाकडी घोडी उचलली. तिच्यावर बसून बाया शेवया वळतात. दोन पावलं गेले आणि तिथंच उभे राहिले.

"काय झालं हो?" चांगुणाबाई बाहेर आली.

"हिला घोडी कामून म्हन्त्यात?"

"आता हेला काय म्हन्त्यात!" तिनं कपाळाला हात लावला. "चार पाय हायेत, वर बसत्यात, घोडी न्हाई तर काय म्हैस म्हनावं? डोकं फिरलंय गंगव्वा ह्येंचं, त्या पोथ्यांनी."

पण गुंडेराव ऐकायला उरले नव्हते. घोडी अंगणाच्या मध्यात ठेवून ते तसेच, पिठाच्या हातांची बायको मागून हाका मारत असताना, पांडुरंगरावांच्या घराकडे निघाले. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या.

मालतीबाई ओट्यावर लोणच्याच्या कैऱ्या पुसत होत्या. "वहिनी," गुंडेराव धापा टाकत म्हणाले, "पोथी ठेवायचा लाकडी घोडा हाय का घरात? वाचताना समोर उघडून ठेवत्यात, त्यो. दोन फळ्या एकमेकीत अडकवलेल्या."

"घोडा?" मालतीबाई आठवू लागल्या. "नाही बाई. घोडा असा काही नाही आमच्याकडे."

गुंडेराव पायरीवर मटकन बसले.

"बरणीची घोडी आहे तेवढी," मालतीबाई कैरी पुसत पुढं म्हणाल्या. "सासूबाई तिला घोडीच म्हणायच्या. कोठीत आहे. लोणच्याची मोठी बरणी तिच्यावर ठेवते मी, ओल लागू नये म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून ठेवतेय."

कवीनं घोडा म्हटलं, घरानं घोडी म्हटलं, आणि सगळे पोथी शोधत राहिले. पांडुरंगराव धावत आले. तिघांनी मिळून बरणी उतरवली. खालून निघाली ती काळीकुळकुळीत, खारानं माखलेली, एक पाय झिजलेली फळ्यांची जोडी. गुंडेरावांनी ती आडातून शेंदलेल्या पाण्यानं घासली, उन्हात धरली आणि पालथी केली. प्रत्येक पोथीच्या वेष्टनावर केदारसुतांनी यादीतला आकडा घातला होता. इथं शाई टिकली नसती म्हणून त्यांनी तो लाकडात कोरला होता. ८७.

"जीर्णच आहे की," पांडुरंगराव म्हणाले, आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले.

जगदेवप्पा साहेब आठव्या दिवशी जिन्यातूनच विचारत आले, "कुदुरे सिक्तेनरी?" घोडा सापडला का, हे कळायला कुणाला कानडी यायची गरज नव्हती. गुंडेरावांनी घोडा त्यांच्यासमोर मांडला. साहेबांनी तो फिरवून फिरवून पाहिला, आकड्यावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"लोणचं," ते म्हणाले.

"कैरीचं," मालतीबाई दारातून म्हणाल्या.

"पर मालगे, ह्यो ग्रंथ न्हाई."

"न्हाई, सायब. पर यादीत 'ग्रंथ दोनशे चौदा' लिहिलं न्हाई. 'नग' लिहिलंय."

साहेबांनी यादी मागून घेतली. बेरजेची ओळ त्यांनी स्वतः, अक्षर न् अक्षर लावून वाचली. मग सूचीची वही ओढली. सत्त्याऐंशीच्या ओळीत गुंडेरावांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नाव, घोडा. लेखक, सुतार, नाव अज्ञात. भाषा, नाही. लिपी, नाही. स्थिती, जीर्ण, खारट. शेरा, लोणच्याच्या बरणीखाली सापडला.

"आनि ह्ये काय?" साहेबांचं बोट एका रकान्यावर थांबलं. "पाने, दोन?"

"दोन फळ्या हायेत, सायब. उघडत्यात, मिटत्यात. रकाना मोकळा सोडायचा न्हाई असं तुमच्याच पत्रात हाय."

जगदेवप्पा साहेब आधी नाकातून हसले, मग खांदे हलवून, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले एवढे हसले. हसता हसताच त्यांनी सही केली. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "मालगे, मी त्या दिवशी बोललो ते..." पुढचं वाक्य त्यांना मराठीत सापडेना, कानडीतही सापडेना. गुंडेरावांनी नमस्कार केला. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला, आणि उतरले.

कायमचा हुकूम जुलैत आला. वाचनालय पांडुरंगरावांच्या माडीवर, वेगळा जिना काढून, सगळ्यांना खुलं झालं. गुंडेरावांनी ते पंधरा वर्षं चालवलं. त्र्याऐंशी साली निवृत्त झाले तेव्हा एक नग कमी नव्हता आणि उशिरा पोथी आणणाऱ्यांची नावं शेऱ्याच्या रकान्यात सापडत होती. शोभाबाई पुढं हुमनाबादला शिक्षिका झाल्या. त्यांचा 'ळ' अजून बापापेक्षा चांगला आहे.

पण गुंडेरावांची आठवण निघाली की पांडुरंगराव सांगायचे ते हुकमानंतरच्या महिन्यातलं. कायम माणसाला रजा मिळते. गुंडेरावांना आयुष्यात कधी रजा मिळाली नव्हती. रोजंदारीला फक्त खाडा असतो. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, एक दिवसाची किरकोळ रजा, कारण 'घरगुती'. मंजुरी आली. त्या सोमवारी वाचनालयाची किल्ली पांडुरंगरावांकडे होती.

अकराच्या सुमाराला जिना वाजला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, गुंडेराव वर आले. मेजावरची वाचकांची वही त्यांनी ओढली, नाव-गाव लिहिलं आणि सही केली.

"अहो, आज रजेवर ना तुम्ही?" मालतीबाई म्हणाल्या.

"व्हय, वहिनी. म्हणून तर आलो," गुंडेराव म्हणाले. "पानं सगळी मोजली मी, दोन-दोनदा. कडंचं सोडलं तर वाचलं मातर एकबी न्हाई. गुरुजी, ती घोड्यांची, बारा नंबर द्या."